टीव्हीवर न दिसणारी शर्यत

पॅराट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. कॅमेरा या तिन्हींवर असतो. त्यांच्या मधल्या जागेकडे, म्हणजे ट्रान्झिशनकडे, तो फारसा वळत नाही. मला विचाराल तर खरी शर्यत तिथेच बघावी. पाय गमावलेले बरेचसे खेळाडू पाण्यात कृत्रिम पायाशिवाय उतरतात. बाहेर आल्यावर वेटसूट सोलायचा, ओली त्वचा कोरडी करायची, सायकलचा पाय चढवायचा आणि नंतर तो काढून धावायचं ब्लेड लावायचं. घाईत पाय नीट बसला नाही, तर पुढचे पाच किलोमीटर कातडी सोलवटत पळायचं. व्हीलचेअर गटातल्या खेळाडूंना मदतनीस, म्हणजे हँडलर, पाण्यातून उचलून बाहेर आणतात. तिथून आडव्या हँडसायकलवर, मग रेसिंग व्हीलचेअरमध्ये. या सगळ्या वेळात घड्याळ चालूच असतं. हँडलरचा हात एकदा चुकला की पदक जाऊ शकतं, आणि त्या हँडलरचं नाव कुठल्याच निकालपत्रकात येत नाही.

त्याहीआधीची एक शर्यत बंद खोलीत होते. एक वैद्यकीय आणि एक तांत्रिक क्लासिफायर मिळून खेळाडूला तपासतात. स्नायूंत जोर किती आहे, सांधा कुठपर्यंत वळतो, अवयव कुठून नाही, तोल किती सांभाळता येतो, हे सगळं पाहिलं जातं. नंतर प्रत्यक्ष शर्यतीतही त्याच्यावर नजर ठेवली जाते. २०१७ पासूनच्या पद्धतीत व्हीलचेअरसाठी पीटीडब्ल्यूसी, उभ्याने स्पर्धा करणाऱ्यांसाठी पीटीएस-२ ते पीटीएस-५ आणि दृष्टिहीन व अल्पदृष्टी खेळाडूंसाठी पीटीव्हीआय असे गट आहेत. पीटीएसमध्ये आकडा जितका लहान, तितकं अपंगत्व तीव्र. काहींचा वर्ग कायमचा ठरतो, काहींना पुन्हा तपासणीला यावं लागतं. वर्षानुवर्षं घाम गाळल्यावर आपण कुणाशी भिडणार हे त्या खोलीत कळतं. कधीकधी तर आपल्याला शर्यतच नाही, हेही.

केंडल ग्रेट्शच्या बाबतीत तसंच झालं. २०१६ ला रिओमध्ये हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला, पण पदकांचे प्रकार सहाच होते आणि व्हीलचेअर गट फक्त पुरुषांसाठी ठेवला होता. जगज्जेती असूनही या अमेरिकन मुलीला रिओत उतरायला जागा नव्हती. ती बर्फाकडे वळली आणि २०१८ ला प्योंगचांगला बसून खेळायच्या बायथलॉन आणि क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये तिने सुवर्णं जिंकली. टोकियोत तिच्या गटाला जागा मिळाली, तेव्हा ती परत आली.

तिथे तिच्यासमोर होती ऑस्ट्रेलियाची लॉरेन पार्कर. मूळची आयर्नमॅन खेळाडू. २०१७ ला सराव करताना सायकलचे टायर फुटले, ती कठड्यावर आदळली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. वर्षभरात तिने गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य मिळवलं होतं. व्हीलचेअर गटातही एच-१ आणि एच-२ असे दोन उपवर्ग आहेत. अपंगत्व जास्त असलेल्या एच-१ ला काही मिनिटं आधी सोडतात, मग जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. पार्कर एच-१, ग्रेट्श एच-२. म्हणजे एकीने पळायचं आणि दुसरीने पाठलाग करायचा. शर्यतभर पुढे असलेल्या पार्करला ग्रेट्शने अगदी रेषेपाशी गाठलं आणि एका सेकंदाने हरवलं. त्या एका सेकंदामागे दोघींचं पोहणं-धावणं होतं, तसाच सुरुवातीच्या मिनिटांचा हिशोबही होता. तरी मला ही पद्धत न्याय्य वाटते. ती नसती तर पार्करसारखीला सुवर्णाची आशाच धरता आली नसती, आणि ते जास्त क्रूर झालं असतं. पॅरिसला तिने सुवर्ण घेतलंच, आणि रौप्य ग्रेट्शचं.

दृष्टिहीनांच्या गटात आणखी एक माणूस सगळं अंतर कापतो. गाईड पाण्यात आणि धावताना दोरीने बांधलेला असतो, टँडेम सायकलवर पुढे बसतो, पण खेळाडूच्या आधी रेषा ओलांडू शकत नाही. रिओत ऑस्ट्रेलियाच्या केटी केलीची गाईड होती मिशेली जोन्स. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचं रौप्य जिंकलेली ही बाई सोळा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी शर्यतीत सोबत पळाली आणि दोघींना सुवर्ण मिळालं. ब्रिटनचा डेव्ह एलिस आणि त्याचा गाईड ल्यूक पोलार्ड टोकियोत दावेदार होते. सायकल मध्येच बिघडली आणि त्यांना शर्यत सोडावी लागली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच जोडीने सुवर्ण घेतलं. आपल्याकडे संभाजीनगरच्या निकेत दलालने २०२० ला दुबईत अर्हम शेखच्या साथीने हाफ आयर्नमॅन पुरी केली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, आणि दिसत काही नाही. अशा बातमीत गाईडचं नाव मथळ्यात यायला हवं.

टोकियोत पदकांचे प्रकार आठ झाले, पॅरिसला अकरा. आपला वर्ग यादीत नसेल, तर काही वेळा कमी अपंगत्व असलेल्यांच्या वर्गात उतरायची मुभा असते. जाणाऱ्या खेळाडूला आपण मागे का राहणार हे आधीच ठाऊक असतं, तरी ती जाते. पॅरिसच्या अकरांत पुरुषांसाठी पीटीएस-३ होता. स्त्रियांसाठी नव्हता.