सागरतळींचा भागीदारीचा संसार

वनस्पति सूर्यप्रकाशावर जगतात आणि प्राणी वनस्पतींवर, हा नियम आपण सारेच शाळेंत शिकलों. १९७७ सालीं प्रशांत महासागरांत, गॅलापागोस बेटांजवळ, ‘आल्विन’ नांवाच्या पाणबुडींतून शास्त्रज्ञ सुमारें २५०० मीटर खोल उतरले, तेव्हां ह्या नियमास धक्का देणारें दृश्य दिसलें. निबिड अंधारांत, उष्ण झऱ्यांभोवतीं, वीतभर लांबीचे पांढरे शिंपले दाटीवाटीनें नांदत होते.

ह्या शिंपल्याचा अन्नमार्ग अगदींच खुरटलेला. मग तो जगतो कसा? हें कोडें पुढील कांहीं वर्षांत उलगडलें. त्याच्या कल्ल्यांच्या पेशींत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. आपला मांसल पाय खडकाच्या भेगेंत खुपसून शिंपला झऱ्यांतील हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु शोषून घेतो. रक्तांतील एक जस्तयुक्त द्रव्य त्यास बांधून ठेवितें. म्हणून शिंपल्यास बाधा न होतां तो वायु कल्ल्यांपर्यंत पोंचतो. तेथें जंतु प्राणवायूच्या साहाय्यानें त्यापासून शक्ति मिळवितात, कर्बवायूपासून अन्न बनवितात आणि आपल्या यजमानास पोसतात.

हे जंतु अंड्यांतूनच पुढील पिढीस मिळतात. मात्र ह्या पिढीजाद आश्रयांत स्वतंत्रपणें जगण्यास लागणारीं पुष्कळ जनुकें त्यांनीं गमाविलीं आहेत. झरा थंडावला कीं दोघांचेंही अन्न तुटतें. १९७७ सालींच एका विझलेल्या झऱ्यापाशीं नुसते मेलेले शिंपले पडलेले आढळले.

आणि सूर्याचें ऋणही पुरतें फिटलेलें नाहीं! जंतूंना लागणारा प्राणवायु वरच्या उजेडांतील वनस्पतींनींच निर्माण केलेला असतो.