जुन्या मोटारीचा नवा साज

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे अँबॅसडर मोटारीची निर्मिती २०१४ साली थांबली. तथापि काही हौशी लोकांनी आपल्या जुन्या गाड्या जिवापाड जपल्या आहेत.

अशी गाडी वेगाने वळली, की तिचे अंग बाहेरच्या बाजूस झुकते व आतील चाकांची पकड सैल होते. म्हणून डाव्याउजव्या चाकांच्या आधारांना एक पोलादी दांडा जोडतात. दोन्ही चाके एकदम उचलली गेली, तर तो नुसता फिरतो. एकच बाजू दबली, तर मात्र त्यास पीळ बसतो आणि तो पीळच झुकणाऱ्या अंगास सावरून धरतो. परंतु टायरच झिजलेले असतील, तर दांडा बिचारा काय करणार!

संगीताची हौस याहून नाजूक. ध्वनिवर्धकास बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार लागते. जुन्या बारीक तारेवर भार टाकल्यास ती तापते, वेष्टण वितळते व आग लागण्याचा संभव असतो. यास्तव बॅटरीच्या निकटच फ्यूज बसवितात. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढताच त्यातील पातळ तार स्वतः वितळून प्रवाह तोडते. एवढे करूनही इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी कुईकुई गाण्यात मिसळू लागली, तर कारागीर सांगाड्यावरील रंग खरवडतो आणि उघड्या लोखंडावर तारेचे टोक पुन्हा घट्ट आवळतो.