उघडताच बंद पडणारं सॉफ्टवेअर

आमच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्या ताईंचा फोन आला. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतं, लोगो दिसतो आणि गायब! काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. लग्नपत्रिकांचं काम अडलेलं.

मंडळी, पुन्हा टाकण्याची घाई करू नका. सॉफ्टवेअर काढलं तरी तुमच्या सेटिंग्ज बहुतेक वेळा ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये तशाच राहतात. बिघाड तिथे असेल, तर नवं सॉफ्टवेअरही तीच खराब फाइल वाचतं आणि कोसळतं.

आधी विंडोजलाच विचारा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमधलं ॲप्लिकेशन उघडा. लाल खुणेची, इव्हेंट आयडी १००० असलेली ताजी नोंद बघा. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ ही ओळ असते. मला तरी सगळ्यात उपयोगी तीच वाटते.

तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल दिसली, तर ड्रायव्हर अपडेट करा. एमएसव्हीसीपी१४० दिसली, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज टाका. सुटी डीएलएल फाइल भलत्या साइटवरून अजिबात उतरवू नका, त्यातून व्हायरस येतात.

ताईंच्या नोंदीत सॉफ्टवेअरचंच नाव होतं. म्हणून ॲपडेटामधल्या त्याच्या फोल्डरच्या नावापुढे ‘जुनं’ जोडलं. डिलीट केलं नाही, कारण ब्रश आणि टेम्प्लेट त्यातच असतात. सॉफ्टवेअरने नवं फोल्डर बनवलं आणि झटक्यात उघडलं.

तुमचंही काही अडलं असेल, तर ती फॉल्टिंग मॉड्यूलची ओळ कमेंटमध्ये टाका. मिळून बघू.