नदीकाठी वर्ग घेण्याचे कसब

पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी पाठ्यक्रम आखला. त्यातल्या ५० तासांपैकी ५ तास आणि १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला मिळाले. प्रदूषित जागेची पाहणी, तळे-नदी-टेकडीचा अभ्यास त्यात स्पष्ट नोंदवलेला होता. या पाठ्यक्रमाचे पुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. एरॅच भरुचा यांनी. पेशाने शल्यविशारद असलेल्या भरुचांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था उभी राहिली आणि शिक्षक घडवणे हे तिच्या कामाचे महत्त्वाचे अंग ठरले. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. मुलांना वर्गाबाहेर नेण्याचा नियम कागदावर करता येतो. पण बाहेर गेल्यावर काय पाहायचे, हे शिक्षकाला आधी बाहेरच शिकवावे लागते.

त्यासाठी जंगल गाठावे लागते, हा समज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या शिक्षकांनी सोडून द्यावा. पवना नदी मावळातून येते, रावेतच्या बंधाऱ्यापाशी शहराला पिण्याचे पाणी देते आणि दापोडीला मुळेला मिळेपर्यंत अख्खे औद्योगिक शहर ओलांडते. एकाच नदीवरची दोन ठिकाणे तुलनेला मिळतात. अशी मांडणी प्रयोगशाळेत होत नाही. घाण पाण्याच्या तळचा गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये पसरला, की बऱ्याचदा दोऱ्यासारखी लाल अळी वळवळताना दिसते. ही कायरोनॉमिड माशीची अळी. तिच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू जेमतेम उरलेल्या पाण्यातही ती तग धरते. उलट पोटाच्या कडेला कल्ले असलेल्या मेफ्लाय या किड्याच्या बहुतेक पिल्लांना स्वच्छ पाणीच लागते. तयार शिक्षक इथे नाव सांगून मोकळा होत नाही. ‘हे पिल्लू नदीच्या वरच्या ठिकाणच्या ट्रेमध्ये होते आणि इथे नाही, असे का?’ एवढे विचारून तो थांबतो आणि मुलांना मोजू देतो. हे थांबणे व्याख्यान ऐकून येत नाही.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. किड्यांची, झाडांची नावे येत नाहीत, ही पहिली. पण सारखे-वेगळे ओळखून मोजण्यापुरते नाव लागत नाही. ते नंतर पुस्तकात सापडते. दुसरी अडचण सुरक्षिततेची, आणि तिथे तडजोड नकोच. मुलांनी पाण्यात उतरू नये. दोरी बांधलेल्या बादलीने नमुना काठावरून मोठ्यांनीच घ्यावा, हातमोजे आणि साबण बरोबर असावा, जागा आदल्या दिवशी पाहून ठेवावी. हीसुद्धा प्रशिक्षणाचीच बाब आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर: मुले उगाच कारखान्याकडे बोट दाखवतील. म्हणून तर शिक्षक तयार हवा. नदीत घरांचे सांडपाणीही मिसळते, आणि एका बादलीवरून दोषी ठरवता येत नाही, हे मुलांना पटवणे म्हणजेच विज्ञान शिकवणे.

म्हणून प्रशिक्षणाचा शेवट प्रमाणपत्राने होऊ नये. प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेजवळचा एक ओढा निवडावा, पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिथेच जावे आणि नोंदवही राखावी. पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती ती वही पडली, की त्यांचा अभ्यास पहिल्या पानापासून सुरू होणार नाही.