साथीचा काळ आणि परदेशप्रवासाचे नियम

मुंबई-गोवा रस्त्यानें कशेडीचा घाट उतरून खेडजवळचा भरणे नाका मागें टाकला, कीं चिपळूणच्या अलीकडे लोटे लागतें. रासायनिक कारखान्यांची वसाहत आणि पुढें परशुरामाचा डोंगर, हे या गांवाचे शेजारी. मुंबईहून येथें मोटारीनें पोहोंचण्यास पांच-सहा तास लागतात. दुबईहून मुंबईस विमान मात्र सुमारें तीन तासांत येतें. खेड-चिपळूणकडील पुष्कळ माणसें आखातांत चाकरीस असल्यामुळें हा हिशेब तेथील अनेक घरांना ठाऊक आहे. साथीच्या काळांत परदेशप्रवासाचे नियम एवढे कडक कां होतात, हें उलगडण्याची किल्लीहि याच हिशेबांत आहे.

रोगाचें बीज शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसूं लागेपर्यंत कांहीं दिवस जातात. या काळांत मनुष्य बाहेरून निरोगीच दिसतो. आगबोटींच्या युगांत समुद्रप्रवास या अवधीहून बहुधा लांब असे. त्यामुळें दुखणें वाटेंतच उघड होई आणि बंदरावरील वैद्यास तें दिसे. व्हेनिसच्या लोकांनीं संशयित जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबविण्याची रीत पाडली. क्वारंटाइन हा शब्द त्या चाळीसांतूनच आला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां १८९७ मध्यें व्हेनिस येथेंच राष्ट्रांची परिषद भरली आणि त्या वर्षीं मुंबईहून हाजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट बंद झाली. विमानानें हा सारा हिशेब उलटा केला. कोविडची लक्षणें दिसण्यास बहुधा पांच-सहा दिवस, कधीं चौदा दिवसहि लागत. विमानप्रवास तर कांहीं तासांचा. अर्थात् विमानतळावर कपाळाचा ताप मोजून या अवस्थेंतील उतारू ओळखतां येणें शक्यच नव्हतें.

महाराष्ट्रांत याचा प्रत्यय लागलीच आला. ९ मार्च २०२० रोजीं राज्यांतील पहिले दोन रुग्ण पुण्यास आढळले. तें दुबईची सहल करून १ मार्च रोजीं परतलेलें जोडपें होतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील पहिला रुग्णहि त्याच महिन्यांत गुहागर तालुक्यांत सांपडला, आणि तोहि दुबईहूनच आलेला होता. रोग्यांची नोंद होईपर्यंत रोग दारांतून आंत आला होता.

अशा वेळीं सरकारच्या हातीं तीन उपाय असतात: दार लावून घेणें, आलेल्यास थांबविणें, आणि दाखला मागणें.

पहिला उपाय भारतानें झपाट्यानें योजला. १३ मार्च २०२० पासून प्रवाशांचे बहुतेक व्हिसे स्थगित झाले आणि २२ मार्चनंतर परदेशांहून येणारीं नियमित प्रवासी विमानें थांबलीं. दार लावल्यानें रोग नाहींसा होत नाहीं; इस्पितळें सज्ज करण्यास वेळ तेवढा मिळतो. शिवाय दाराबाहेर परक्यांबरोबर घरचीं माणसेंहि अडकतात. त्यांना आणण्यासाठीं ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेचीं विमानें धांवूं लागलीं; जुलैपासून कांहीं देशांशीं करार होऊन मोजकीं विमानें सुरू झालीं. पर्यटकांना व्हिसे पुन्हां मिळूं लागले ते १५ ऑक्टोबर २०२१ पासून खास ठरविलेल्या विमानांनीं येणाऱ्यांना, व १५ नोव्हेंबरपासून इतरांना. नियमित विमानसेवा २७ मार्च २०२२ रोजीं, म्हणजे दोन वर्षांनीं, पूर्ववत् झाली.

दुसरा उपाय विलगीकरणाचा. मे २०२० च्या नियमांप्रमाणें परदेशांहून येणाऱ्यास सात दिवस सरकारनें नेमलेल्या जागीं स्वखर्चानें आणि पुढील सात दिवस स्वतःच्या घरीं वेगळें राहावें लागे. हे चौदा दिवस म्हणजे रोगाच्या गुप्त अवधीची कमाल मर्यादा होय. त्यापूर्वींच, मार्चमध्यें, महाराष्ट्रानें घरीं विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईनें शिक्का मारण्याची पद्धत सुरू केली होती.

हा नियम विमानतळावरच थांबला नाहीं. मुंबईच्या चाकरमान्यास स्वतःच्या गांवीं जातांनाहि कशेडीच्या तपासणी नाक्यावर थांबावें लागलें आणि गांवीं पोहोंचल्यावर वेगळें राहावें लागलें. २०२० सालीं गणेशचतुर्थी २२ ऑगस्ट रोजीं होती. सरकारनें कोंकणांत जाणाऱ्यांसाठीं विलगीकरणाचा काळ दहा दिवसांवर आणला आणि १२ ऑगस्टपर्यंत गांव गांठण्यास सांगितलें. त्यानंतर निघणाऱ्यास आधीं चाचणी करून घेणें प्राप्त होतें. गणपतीची तारीख आणि रोगाचा अवधि यांची ती वजाबाकी होती. परदेशाचा नियम ज्यांना कागदी वाटला असेल, त्यांना तो कशेडीवर चांगलाच कळला.

तिसरा उपाय दाखल्याचा. येथेंच प्रवाशाचा घोटाळा अधिक होतो. बहात्तर तासांच्या आंतील चाचणीचा दाखला घशांतून नमुना घेतला त्या क्षणापुरतें बोलतो. विमानांत बसण्याच्या क्षणाविषयीं तो मुका असतो. लसीचा दाखला दुखणें बळावण्याची भीति कमी असल्याचें सांगतो; या मनुष्यापासून दुसऱ्यास संसर्ग होणारच नाहीं, अशी हमी तो देत नाहीं. याउलट पीतज्वराचा दाखला पाहावा. ती लस टोंचल्यावर दहा दिवसांनीं दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर ग्राह्य धरला जातो. आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील पीतज्वराच्या प्रदेशांतून कोणी दाखल्यावांचून भारतांत आल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवतां येतें. कारण त्या रोगाचा गुप्त अवधि तेवढाच आहे, आणि तो पसरविणारे डांस भारतांत विपुल आहेत. येथें नियमाचा आंकडा रोगानेंच घालून दिला आहे.

कोविडच्या काळांत असें नेहमींच घडलें नाहीं. पुण्यास तयार झालेली कोव्हिशील्ड ही लस मूळ ब्रिटनमधीलच. तरीहि ऑक्टोबर २०२१ च्या आरंभीं, भारतांत ती घेऊन ब्रिटनला जाणाऱ्यास लस न घेतलेल्याप्रमाणें दहा दिवस वेगळें राहण्याचा नियम लागू झाला. लस मान्य, पण भारतीय दाखला अमान्य, असा हा प्रकार होता. भारतानेंहि ब्रिटिश प्रवाशांवर तसाच नियम लादला. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटननें अट सैल केली आणि भारतानेंहि आपली मागें घेतली. या आठवड्यांत रोग बदलला नव्हता. बदलला होता तो दोन सरकारांचा परस्परांवरील विश्वास.

पुढील महिन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनीं विषाणूचें नवें रूप शोधून तें जगास प्रामाणिकपणें कळविलें. त्या देशास बक्षीस मिळालें तें विमानें बंद होण्याचें! खरें बोलणाऱ्यास अशी शिक्षा होऊं लागली, तर पुढच्या वेळीं बातमी उशिरां येईल, आणि उशिरां आलेल्या बातमीवर कोणतेंहि दार वेळेवर लागणार नाहीं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम राष्ट्रांना सांगतात कीं, प्रवासावरील निर्बंध शास्त्राधारावर असावेत आणि गरजेहून कडक नसावेत.

हेंच तत्त्व उतारूसहि लागू आहे. साथीच्या दिवसांत पासपोर्ट कोणत्या देशाचा, याइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व गेल्या चौदा दिवसांत मनुष्य कोठें होता यास येतें. वाटेंत विमान बदलावयाचें असेल, तर त्या तिसऱ्या देशाचाहि नियम पाळावा लागतो; आणि तिकिटाच्या दिवशीं असलेला नियम प्रयाणाच्या दिवशीं टिकेलच असें नाहीं. इतकें सारें सांभाळूनहि शेवटीं एक रकाना उरतो, तो प्रवाशानें स्वतः भरावयाच्या निवेदनाचा. तेथें लिहिलेलें खोटें विमानतळावरील कोणत्याहि यंत्रास दिसत नाहीं. तें दिसतें तें पांच-सहा दिवसांनीं, लोट्यासारख्या एखाद्या गांवांत, घरांतील म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणापाशीं.