रक्तातली खनिजं (भाग ६) : तापात जस्त जातं कुठे?

पावसाळा सुरू झाला की रायपूरच्या दवाखान्यांत 'व्हायरल'चे पेशंट वाढतात. हल्ली साध्या तापातही काही जण तपासण्यांचं मोठं 'पॅकेज' करून घेतात. रिपोर्टात झिंक, म्हणजे जस्त, कमी दिसलं की घरात धसका बसतो : प्रतिकारशक्ती संपली, म्हणूनच ताप आला! पुष्कळदा गोष्ट नेमकी उलटी असते.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे २ ग्रॅम जस्त असतं. बहुतेक स्नायूंत नि हाडांत. रक्तद्रवात फिरतं ते जेमतेम हजारावा भाग. विषाणू शिरला की प्रतिकारपेशींनी सोडलेली रसायनं यकृताला इशारा देतात आणि यकृत रक्तातलं जस्त आत ओढून मेटॅलोथायोनिन या प्रथिनाशी बांधून ठेवतं. आकडा घसरतो तो असा, तापामुळेच. आणि आजार सरला की बहुधा सावरतो. ऐन तापातला झिंकचा रिपोर्ट मी तरी बाजूला ठेवीन.

खरी कमतरता हळूहळू, ताटातून येते. मूळचे बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस इराणमध्ये आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इजिप्तमध्ये वाढ खुंटलेले तरुण तपासले, तेव्हा जस्ताअभावी माणूसही खुरटतो हे जगाला कळलं. त्या तरुणांचं पोट मुख्यतः भाकरीवर भरत होतं. धान्याच्या कोंड्यातलं फायटिक आम्ल जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. ही कमतरता प्रतिकारशक्तीलाही भोवते. विषाणूबाधित पेशी शोधून मारणाऱ्या टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. त्या ग्रंथीचं थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताविना निकामी. म्हणूनच लहान मुलांच्या जुलाबात, मग तो रोटाव्हायरसचा का असेना, ओआरएसबरोबर १४ दिवस झिंक देतात : रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०. कोविडात मात्र गोळ्यांचा नुसता सुकाळ झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांना मोठ्या मात्रेतल्या झिंकनं काही ठळक फायदा झाला नाही.

जस्ताच्या कमतरतेच्या प्रश्नाला रायपूरनं शेतातून हात घातला, हे इथल्या मराठी घरांतही फारसं कुणाला माहीत नसतं. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं २०१५ साली 'छत्तीसगड झिंक राईस-१' हे वाण आणलं. पॉलिश केलेल्या नेहमीच्या तांदळात किलोमागे साधारण १२ ते १६ मिलिग्रॅम जस्त असतं. या वाणात २२ ते २४. मुख्य म्हणजे लोहासारखं ते कोंड्याबरोबर फारसं निघून जात नाही, बरंचसं दाण्याच्या गाभ्यात राहतं. तीन वेळा भात जेवणाऱ्या मुलुखात हा फरक किरकोळ नाही, पण त्यावर वरण, हरभरा, जमल्यास अंडं-मासळी लागतेच.

रोज ५० मिलिग्रॅमची गोळी महिनोन्‌महिने गिळणाऱ्यांचं मात्र दुसरंच खनिज कमी होत जातं : तांबं. ते कसं, हे पुढच्या आठवड्यात.