दर्शनी भिंत आणि दप्तर : महाविद्यालयाचे संकेतस्थळ

महाविद्यालयाचे संकेतस्थळ म्हणजे संस्थेची दर्शनी भिंत, अशी समजूत अजूनही प्रचलित असल्यामुळे बोधचिन्ह केवढे असावे, मुखपृष्ठावर इमारत दाखवावी की संस्थापक, यांवर समितीच्या बैठका खर्ची पडतात. प्रत्यक्षात या स्थळाचे काम भिंतीपेक्षा दप्तराचे अधिक झाले आहे आणि भिंत रंगवणाऱ्याला दप्तर लावता येतेच असे नाही.

हा बदल मुख्यतः कायद्याने आणि मूल्यांकनाने घडवला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे चौथे कलम सार्वजनिक प्राधिकरणांना ठरावीक बाबी मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करण्यास सांगते. त्याहून मोठा रेटा १९९४ साली स्थापन झालेल्या, बंगळुरूस्थित राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचा, म्हणजे प्राध्यापकांच्या बोलण्यातल्या ‘नॅक’चा आहे. तिने २०१७ मध्ये आणलेल्या सुधारित पद्धतीत संख्यात्मक निकषांचे पुरावे तज्ज्ञांची भेट होण्याआधीच दुरून पडताळले जाऊ लागले, त्यामुळे अहवालातील विधानापुढे संबंधित कागदाची लिंक देणे भाग पडले.

खरी गोम या लिंकमध्ये आहे. लिंक म्हणजे सर्व्हरवरील एका कागदाचा पत्ता, आणि कागद जागेवरून हलला की तो पत्ता निरुपयोगी होतो. नवा कंत्राटदार येतो, ‘जुने डिझाइन मागासलेले दिसते’ म्हणून सारी रचना बदलतो, फोल्डरांची नावे नव्याने ठेवतो, आणि परिषदेकडे आधीच गेलेल्या अहवालातील लिंका एका रात्रीत मृत होतात. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी चांगला पत्ता बदलत नसतो असा इशारा १९९८ मध्येच देऊन ठेवला होता. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी पुनर्निर्देशनाची सोय उपलब्ध असली, तरी देखणेपणाच्या दरपत्रकात तिचा रकाना क्वचितच असतो. मूळ नाव, म्हणजे डोमेन, हाही असाच दुर्लक्षित विषय आहे : शैक्षणिक संस्थांसाठी राखीव असलेले ‘.एसी.इन’ हे नाव अर्नेट इंडिया या संस्थेकडून मिळते, त्याचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते, आणि ज्या ईमेलवर त्याची आठवण येते तो पत्ता पुष्कळदा निवृत्त झालेल्या प्राध्यापकाचा निघतो.

संकेतस्थळाचे व्यवस्थापन सहसा संगणकशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाकडे, अध्यापनाचा भार तेवढाच ठेवून, सोपवले जाते. वर्डप्रेससारख्या प्रणालीमुळे संकेतभाषा न लिहिता मजकूर चढवता येतो हे खरे; परंतु तिची जोडसाधने, म्हणजे प्लगइन, वेळच्या वेळी अद्ययावत झाली नाहीत तर कोणी परका आत शिरून प्रवेशाच्या पानाखाली जुगाराच्या जाहिराती दडवून ठेवू शकतो.

मराठी मजकुराची अडचण निराळी आहे. जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत असत; त्यामुळे वाचकाकडे तोच फॉन्ट नसला की प्राचार्यांचे मनोगत अर्थहीन चिन्हांची रांग होऊन समोर येई. युनिकोडने देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र गट दिला आणि प्रत्येक अक्षराला आपला क्रमांक मिळाला. तरीही रूपांतर करणाऱ्याला नेमके काय टाइप करायचे हे ठाऊक हवे, कारण मराठीतला ‘ऱ्य’ आणि रफार असलेला ‘र्य’ यांची गल्लत झाली की आचार्यांना पाठवलेले निमंत्रण आचाऱ्यांना जाते.

हा मजकूर तरी निदान अक्षरांचा असतो. बहुतेक सूचना मात्र संगणकावर टाइप करून, कागदावर छापून, सही व गोल शिक्का उमटवून, पुन्हा स्कॅन करून चढवल्या जातात. पडद्यावर थोडी तिरकी दिसणारी अशी पीडीएफ म्हणजे केवळ छायाचित्र : शोधयंत्राला तीत शब्द सापडत नाहीत, आणि अंध विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर तिच्यापुढे गप्प बसते. वास्तविक छापण्याआधीची फाइल सूचना टाइप करणाऱ्या लिपिकाच्या संगणकात तयार असते आणि ती सोबत जोडायला मिनिटही लागत नाही. पण शिक्का नसलेला कागद कार्यालयाला कागद वाटत नाही, आणि परीक्षा अर्जाची शेवटची तारीख विद्यार्थी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एकमेकांना विचारत राहतात.